जामखेडचे पाच दिवस आणि मावशींची वही

मंगळवार

पहाटेची एसटी पकडून पुण्याहून निघाले. थंडी एवढी होती की सुपा येईपर्यंत कोणी खिडकीची काच सरकवली नाही. नगरला उतरून चहा घेतला आणि जामखेडची गाडी पकडली. चिचोंडी पाटील मागे पडलं की थोड्या वेळात बीड जिल्हा लागतो, कडा, आष्टी, आणि मग परत आपल्याच जिल्ह्यात जामखेड. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, अहिल्याबाईंचं चौंडी याच तालुक्यातलं, पण गाडीत सगळे नगरच म्हणत होते आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. दोन्ही बाजूला ज्वारी उभी होती, कणसं भरत आलेली, मधूनच हरभऱ्याचे हिरवे पट्टे.

आधी का निघाले ते सांगते. मी नर्स आहे, पुण्यात हॉस्पिटलमध्ये 14 वर्षं झाली, आणि गेली सहा वर्षं आम्ही आठदहा जण सुट्टीच्या दिवशी नगर जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या तपासण्या करतो. वजन, उंची, डोळे, दात, हिमोग्लोबिन, प्रत्येक मुलाचं कार्ड. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका शाळेत सहावीतली एक मुलगी आली, डोळ्याची खालची पापणी ओढली तर आत पांढरं फटक, मशिनवर हिमोग्लोबिन आलं 7.4. त्या वयाला साडेअकरा-बारा तरी पाहिजे आणि 8 च्या खाली म्हणजे तीव्र अ‍ॅनिमिया. आम्ही कार्डावर लाल खूण केली, 'पुढील तपासणीसाठी ग्रामीण रुग्णालय' असं लिहिलं, सरांना सांगितलं आणि पुढच्या मुलाकडे वळलो. जानेवारीत फोन केला तेव्हा कळलं की ती तपासणीनंतर आठवड्याभरातच आईवडलांबरोबर ऊसतोडीला गेली, कोणत्या कारखान्याला ते शाळेत कुणालाच माहीत नाही. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती पटावर नव्हती. आमच्याकडे तिचं कार्ड आहे, अजून आहे. मला ते कार्ड बघवत नाही.

त्यानंतर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी मला सांगितलं की तू एकदा जामखेडला जाऊन ये, तपासणी कशी करायची ते तुला येतंय, तपासणीनंतर काय करायचं ते तिथल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातल्या बायकांकडून शिकून ये. म्हणून रजा टाकून पाच दिवस.

आष्टीला एक आजी दोन नातवंडांना घेऊन चढल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. धाकट्याचं नाक वाहत होतं आणि खोकला चांगलाच होता. मुलगा आणि सून दिवाळीपासून कारखान्याला, चार नातवंडांपैकी दोन आजीकडे, थोरल्या मुलीला सोबत नेलंय कारण तान्हं बाळ सांभाळायला कुणीतरी लागतं. थोरली कितवीत आहे विचारलं तर म्हणाल्या, "पाचवीत व्हती." मी त्या 'व्हती'वर बराच वेळ अडकून होते.

संध्याकाळी जामखेडला पोचले, मुक्कामाची सोय प्रकल्पाच्या आवारातच झाली. रात्री बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी, डोळ्यातनं पाणी काढणारी. लवकर झोपले.

बुधवार

आज आवार बघितलं आणि जुन्या गोष्टी ऐकल्या. मला इतिहास वाचून माहीत होता पण त्या जागेवर बसून ऐकणं वेगळंच असतं.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे. आधी नेवासा तालुक्यात वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये काम केलं आणि तिथे लक्षात आलं की बरा करून पाठवलेला पेशंट थोड्या दिवसांनी तोच आजार घेऊन परत येतो, कारण घरचं पाणी तेच, पोटाला मिळतं तेही तेच. मग अमेरिकेत जाऊन जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून 1970 मध्ये ते जामखेडला आले, कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट, सीआरएचपी, म्हणजे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवात जनावरांच्या जुन्या दवाखान्यातून. इकडे त्याला सीआरएचपी वगैरे कोणी म्हणत नाही, रिक्षावाल्याला 'आरोळे दवाखाना' सांगितलं की बास.

त्या वेळी या भागात जन्मलेल्या हजार बाळांतली 176 पहिल्या वाढदिवसाआधी जायची. 176! म्हणजे दर सहा बाळंतिणींमागे एकीची कूस रिकामी होत होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत प्रकल्पाच्या गावांमध्ये हा आकडा तिशीच्या खाली आला. आणि तो मोठ्या मशिनी आणून खाली आला नाही, ज्यांनी आणला त्यातल्या कितीतरी जणींना सही करता येत नव्हती.

ती गोष्ट अशी. सुरुवातीला डॉक्टरांनी शिकलेल्या नर्स गावात ठेवायचा प्रयत्न केला. शहरातली तरुण मुलगी एकटी गावात राहणार कशी, आणि बाया तिच्याशी मोकळं बोलणार कशा? ते जमलं नाही. मग गावातूनच विचार पुढे आला की आमच्यातलीच एखादी पोक्त बाई शिकवा. अशा बायका निवडल्या गेल्या, बऱ्याचशा दलित, काही टाकलेल्या, काही विधवा, ज्यांना गावात कोणी मोजत नव्हतं त्या. आठवड्याला सगळ्या जामखेडला जमायच्या, एक गोष्ट शिकायच्या आणि गावात जाऊन करून बघायच्या, पुढच्या वेळी येऊन काय झालं ते सांगायचं. कुणाचं काही चुकलं असेल तर तिला ओरडायचं नाही, सगळ्यांनी मिळून का चुकलं ते शोधायचं. पगार नाही. पोटासाठी शेळ्या घे, बांगड्या विक, त्याला प्रकल्प कर्ज मिळवून देणार.

आज एक म्हाताऱ्या कार्यकर्ती भेटल्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी सांगितलं की पहिल्या वेळी वरच्या जातीच्या बाया आणि त्यांच्यासारख्या वेगवेगळ्या कोपऱ्यात बसल्या होत्या, डबे वेगळे, पाण्याचं भांडं वेगळं. हळूहळू स्वयंपाक एकत्र झाला, मग ताट एकत्र. रात्री थंडीत पांघरायला एकच मोठं पांघरूण असायचं, सगळ्यांना पुरेल एवढं, तर त्यात शिरायचं की कुडकुडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. "मग शिरल्या समद्या," असं म्हणून त्या हसल्या आणि मग जरा वेळ गप्प बसल्या, मला काही विचारवेना.

1972 च्या दुष्काळातली पाण्याची गोष्टही त्यांनीच सांगितली. बोअर घ्यायचे होते, भूजल बघणारा माणूस आला होता, तर डॉक्टरांनी त्याला सांगून ठेवलं की जागा शक्यतो दलित वस्तीत काढ. हातपंप तिथे बसले. पाणी पाहिजे तर सगळ्या गावाला वस्तीत यायला लागलं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याने ओतून दिलेलं पाणी घेतलं तिच्या दारात आता गावाची रांग. पाण्याबरोबर हगवण कमी झाली हे तर आहेच, पण त्याच वस्तीतली बाई उद्या तुमच्या घरात येऊन तुमच्या बाळाला हात लावणार होती, आणि तो हात लावू द्यायची सवय या पंपावर लागली, असं मला वाटतं.

हे काम पुढे खूप लांब पोचलं. 1975 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं, 1979 ला दोघांना मॅगसेसे मिळालं. आज आपल्याकडे गावोगावी आशा ताई दिसतात, 2005 पासून, त्या कल्पनेच्या मुळाशी जामखेडच्या या बायका आहेत. मुक्ताबाई पोळ म्हणून इथल्या एक कार्यकर्ती 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलल्या होत्या. त्या सभागृहातल्या झुंबरांकडे बघून त्यांनी सांगितलं की डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर पण महाग आणि लांब, आणि आम्ही साध्या दिव्यासारख्या, एका दिव्यावरून दुसरा लावता येतो. मी हे नर्सिंगला असताना ऐकलं होतं आणि तेव्हा छान वाटलं होतं. आज त्या आवारात ऐकलं तेव्हा छान वाटण्यापेक्षा हललेच जास्त, कारण त्या बाईंच्या जागी मी स्वतःला ठेवून बघितलं.

मेबल डॉक्टर 1999 ला गेल्या, आरोळे डॉक्टर 2011 ला. काम चालू आहे. दुपारी हॉस्पिटल आणि जयपूर फूट बनवतात ती कार्यशाळा पाहिली. एक माणूस नवा पाय लावून भिंतीला धरून चालत होता आणि त्याची बायको दोन पावलं मागे, हात पुढे करून, धरत नव्हती पण तयार होती.

गुरुवार

आजचा दिवस मला सगळ्यात जास्त लिहायचाय.

जामखेडपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात गेले. गावाचं आणि मावशींचं नाव लिहीत नाही, त्यांना विचारलं नव्हतं. मावशी म्हणजे त्या गावच्या आरोग्य कार्यकर्ती, साठीच्या आसपासच्या, तीसेक वर्षं हे काम करतात. मी सिस्टर आहे कळल्यावर त्या मला सिस्टरच म्हणायला लागल्या.

गाव अर्धं रिकामं. दाराला कुलूप, कुलपाला चिंधी बांधलेली, अंगणात कोंबडी सुद्धा नाही. ज्या घरात माणूस होतं तिथे म्हातारी आणि लेकरं. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली, ती फेडायला दसरा-दिवाळीनंतर निघायचं ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. म्हणजे वर्षाचे पाच महिने. आमच्या शाळा तपासण्या नेमक्या याच काळात असतात कारण आमच्या सुट्ट्या तेव्हा असतात आणि हवा बरी असते. सहा वर्षांत हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

पहिल्या घरात तान्हं बाळ होतं, तीन महिन्यांचं, आई बाळंतपणामुळे यंदा गेली नव्हती. मावशी बसल्या, आधी बाईच्या सासूशी गुडघ्याबद्दल बोलल्या, मग बाळाची दुपटी सोडली आणि छातीकडे नुसतं बघत बसल्या, कितीतरी वेळ. मला कळलं की त्या श्वास मोजतायत. हॉस्पिटलमध्ये आम्ही मॉनिटरकडे बघतो. त्या बाळाकडे बघत होत्या. दोन महिन्यांच्या पुढच्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 50 किंवा त्याच्या वर गेला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हे त्यांना तोंडपाठ. मग बाळ नीट बांधून आईच्या मांडीवर दिलं आणि आईच्याच डोळ्याची पापणी ओढली, जीभ बघितली, नखं दाबून बघितली. काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "लेकरू बरंय, तिचं रगत कमीये. पण सासूसमोर म्हणलं असतं तर सासू म्हणली असती माझ्या घरात खायला मिळत नाय का. उद्या हळदीकुंकवाला येईल तवा बोलते."

संक्रांतीनंतरचा आठवडा, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतंच. मावशींनी यंदा वाण म्हणून साबणाची वडी ठेवलीय, आणि तिळगुळाबरोबर शेंगदाण्याचा लाडू.

दुसऱ्या घरात हगवण लागलेला मुलगा. आजीने घाबरून त्याचं पाणीच बंद केलेलं, प्यायलं की आणखी होतं म्हणून. मावशी रागावल्या नाहीत. चुलीजवळची एक वाळलेली काडी उचलली, बाहेर कुंडीत उगवलेल्या पुदिन्याशेजारी धरली आणि विचारलं, पाणी नाही मिळालं तर याचं काय होतं? मग एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आजीच्याच हातानं करायला लावलं, आजीलाच चाखायला लावलं. "आसवापेक्षा खारट नको." पहिला चमचा मुलाला आजीनेच पाजला. मी ओआरएसवर किती वेळा बोललेय, पोस्टर लावलीयत, पण करणारीच्या हाताने करून घ्यायचं हे मी कधी केलं नाही.

दुपारी मावशींच्याच घरी जेवले. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, कच्चा पाला, कांदा, तिखट-मीठ, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू पिळलेलं, बाजरीची भाकरी, हुलग्याच्या शेंगोळ्या. जेवता जेवता सांगायला लागल्या की बायांना 'लोह खा' म्हणून काही उपयोग नाही, दुकानात लोह कुठे मिळतं, घोळाणा खा आणि त्यावर लिंबू पीळ आणि जेवल्या जेवल्या चहा पिऊ नको, एवढंच सांगायचं. लिंबाने लोह अंगी लागतं आणि चहाने अडतं हे आम्हालाही शिकवलेलं आहेच.

मग त्यांनी वही दाखवली. साधी शंभर पानी, कव्हरला प्लास्टिक. प्रत्येक घराचं एक पान. आणि ज्या घरांतली माणसं कारखान्याला गेलीयत त्या पानांवर कोणाच्या टोळीत, मुकादमाचा मोबाइल नंबर, कारखाना कुठल्या बाजूला, सोबत कोणकोणती लेकरं, कोणाला कसल्या गोळ्या चालू, किती दिल्या आणि कधी संपणार. काही अक्षरं मावशींची, काही त्यांच्या नातीची. मी ती वही बराच वेळ हातात धरून बसले. आमच्याकडे सहा वर्षांची कार्डं आहेत, चार हजारांच्या वर, रंगीत, लॅमिनेट केलेली सुद्धा आहेत काही. पण त्या मुलाची आई नोव्हेंबरमध्ये कुठे असते, याला आमच्या कार्डावर रकानाच नाही.

शुक्रवार

आज त्याच गावची जिल्हा परिषदेची शाळा. सर आणि मॅडम दोघंच, पहिली ते सातवी. 26 जानेवारीची लेझीम चालू होती आणि धूळ उडत होती.

सरकारची व्यवस्था शाळांसाठी आहे, ती वाईट आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, सुरुवात आपल्या पालघरलाच झाली, त्यात दोन डॉक्टर, नर्स आणि औषधवाले अशी टीम गाडीने येते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणाची कमतरता, वाढीतला उशीर, सगळं बघतात, हृदयाला भोक असलेल्या मुलांची ऑपरेशन फुकट होतात, माझ्या डोळ्यांसमोर झालीयत. जंताची गोळी असते, अल्बेंडाझोल, ती चावून खायची. लोहाच्या गोळ्या असतात, लहान मुलांना गुलाबी आणि दहाच्या पुढच्यांना निळी, आठवड्यातून एक. सगळं आहे. गाडी निघून गेल्यावर उरलेले 364 दिवस त्या मुलाचं कोण, हा प्रश्न आहे, आणि तो आमच्या ग्रुपलाही तेवढाच लागू आहे.

मावशी शाळेच्या पायरीवर बसून लेझीम बघत होत्या. मला वाटलं पोरांचं कौतुक चाललंय. थोड्या वेळाने म्हणाल्या, "ती हिरव्या रिबिनीची बघा, दुसऱ्यांदा बसली. आणि तो शेवटून दुसरा, पाय उचलत नाय, फरपटतोय." लेझीम म्हणजे दम लागणारा प्रकार, त्यात कोण थांबतं, कोण छातीवर हात ठेवतं, कोण घोट घोट पाणी पितं ते त्या टिपत होत्या. नंतर मी मशीन लावलं तेव्हा हिरव्या रिबिनीच्या मुलीचं हिमोग्लोबिन 8.6 आलं. मावशींनी आकडा विचारला पण तोंडावर आश्चर्य नव्हतं. त्या मुलाचं हिमोग्लोबिन ठीक निघालं, त्याच्या तळपायाला चिखल्या होत्या आणि एक जखम पिकलेली होती, चप्पल फाटकी. ती धुवून पट्टी केली, धनुर्वाताचं विचारलं, सरांनी चपलेचं मी बघतो म्हणून सांगितलं आणि संध्याकाळी आणून दिली सुद्धा.

मोठ्या मुलींना वेगळं बसवलं. प्रकल्पाचं किशोरींसोबत बरंच जुनं काम आहे, आरोग्य, पाळी, स्वसंरक्षण, लग्नाचं वय, सगळं. आज विषय निळ्या गोळीचा निघाला. मुली गोळी घेतात, मॅडमसमोर तोंडात टाकतात आणि बाहेर जाऊन थुंकतात. का? एकीने मान खाली घालून सांगितलं की शी काळी होते, तिला वाटलं आपल्याला काहीतरी मोठा आजार झालाय, आणि घरी आजीला सांगितलं तर आजी म्हणाली त्या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. ती दोन महिने हे मनात घेऊन बसलेली, बारा वर्षांची पोर. लोहाच्या गोळीने शी काळी होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि जेवल्यानंतर घेतली तर मळमळ कमी होते. एवढं एक वाक्य तिला आधी कोणी सांगितलं असतं तर. मी स्वतः किती शाळांत त्या गोळ्यांबद्दल बोललेय आणि हे वाक्य कितीदा घाईत राहून गेलं असेल, ते आठवून मला रडायला आलं आणि मी तिथेच रडले, मुलींसमोर. मावशींनी पाठीवर हात ठेवला आणि मुलींना म्हणाल्या, सिस्टरला पण वाईट वाटतंय बघा तुमच्यासाठी. मग एका मुलीने स्वतःची गोळी आणून माझ्यासमोर खाल्ली.

डोळ्यांची तपासणी दुपारी, सहा मीटर दोरीने मोजून इंग्रजी ई चा तक्ता लावला, बोटांनी तोंड कुठे आहे ते दाखवायचं. चार मुलांना चष्मा लागणार. त्यातल्या एका मुलीच्या आजीने ठाम नाही म्हणून सांगितलं, पोरीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण. मावशींनी वाद घातला नाही. "हळदीकुंकवाला या," एवढंच बोलल्या. संध्याकाळी हळदीकुंकवाला ती आजी आली. मावशींनी तिच्या हातात सुई-दोरा दिला आणि म्हणाल्या, ओवा बघू. आजींना जमेना. मग म्हणाल्या, तुमचं वय झालं म्हणून दिसत नाय, तिचं तर वय पण नाय झालं, फळ्यावरचं तिला असंच दिसतंय. आजी लगेच हो नाही म्हणाली. पण जाताना विचारून गेली की चष्म्याला किती पैसे पडतात, आणि फुकट मिळतो कळल्यावर थोडी थांबली.

कालच्या बाळाची आईसुद्धा आली होती. मावशी तिला आणि सासूला शेजारी शेजारी घेऊन बसल्या आणि सासूला म्हणाल्या, तुमची सून दुधावर आहे, तिला दोघांचं खायचं असतं, घोळाणा करायला तुमच्यासारखं कुणाला येत नाय, रोज करून घालाल का. सासू खुश झाली, हो म्हणाली. रक्त कमी हा शब्द कुठेच आला नाही. गोळ्या पदरात गेल्या.

निघताना मावशींनी विचारलं, परत कुठल्या रस्त्याने जाणार? मी म्हटलं कर्जत-श्रीगोंद्याकडून. त्यांनी वही उघडली.

शनिवार

सकाळी मावशींनी एक स्टीलचा डबा दिला, वरून कापडाने बांधलेला. शेंगदाण्याचे गुळातले लाडू, आणि एका पिशवीत गोळ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणलेल्या. त्यांच्या गावची सातवीतली एक मुलगी श्रीगोंद्याच्या अलीकडे ऊसतोड कामगारांच्या एका तळावर आहे, आईवडील आणि लहान भावासोबत. दिवाळीत तिचं रक्त कमी निघालं, जंताची गोळी दिली, डॉक्टरांनी तीन महिने रोज एक लोहाची गोळी सांगितली, ती सोबत दिली होती, आता संपत आली असेल. मुकादमाला फोन करून ठेवला होता.

एसटीतून उतरून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, टेम्पोतून तीन किलोमीटर. उसाच्या पाचटाच्या कोप्या, एकाला एक लागून साठसत्तर, आत उभं राहता येत नाही. टायरगाड्या, बैल, चिखल, आणि पाण्याचा एकच टँकर. संडास नाही. मोठी माणसं पहाटे तीनलाच फडावर गेलेली. कोप्यांमध्ये फक्त लेकरं, आणि लेकरांना सांभाळणारी लेकरं. गेल्या दोन वर्षांत मी कितीदा ठरवलं होतं की अशा तळावर जायचं, आणि मला एवढंच माहीत नव्हतं की कुठल्या.

ती मुलगी भांडी घासत होती, भाऊ कडेवर. मी मावशींचं नाव सांगितल्यावर तिने भांडं खाली ठेवलं आणि हात फ्रॉकला पुसले. डबा दिला. तिने एक लाडू घेतला, अर्धा भावाच्या तोंडात, अर्धा स्वतःच्या. मग मी तिला कोपीच्या बाहेर उन्हात आणलं आणि खालची पापणी ओढली. गुलाबी. फार नाही, पण गुलाबी होती.

तिथूनच मावशींना फोन लावला. मी पापणीचं सांगितलं तर म्हणाल्या, जीभ बघितली का? बघितली. नखं? बघितली. गोळ्या किती उरल्यात मोजा. मुलीने कोपीतून पत्र्याची छोटी पेटी आणली, कपड्यांच्या घडीखालून पाकीट काढलं आणि आम्ही दोघींनी मिळून मोजल्या. नऊ.

"दहा पाह्यजेत," मावशी म्हणाल्या.

मुलीने फोन माझ्या हातातून घेतला. "एक चुलीत पडली मावशे, खरंच पडली."

"बरं. थांब, लिहून घेते."